ऐकू येण्याचं सोंग

आमच्या खान्देशातल्या माणसाला खुर्चीत बसलेल्या कुणीही विचारलं, "काय, कसं काय?" की तो हात जोडून म्हणतो, "बठ्ठं बेस शे, साहेब." सगळं छान आहे! घरात पाणी शिरलेलं असो की पाय मोडलेला असो, समोर हातात पेन असलेला माणूस दिसला की याचं बठ्ठं बेस. या तीन शब्दांनी माझे जितके अर्ज बुडवले, तितके कुठल्याही सरकारी नियमानं बुडवले नाहीत.

मी अर्ज लिहिणारी बाई. शिंदखेड्याला कचेरीसमोरच्या निंबाखालचं टेबल मुळात माझ्या यजमानांचं. ते अचानक गेले आणि मागे एक टंकलेखन यंत्र, एक बाक आणि मी अशा तीन वस्तू उरल्या. पहिले काही महिने लोक यायचे, मला बघायचे आणि विचारायचे, "नाना कुठं गेले?"

"वर गेले. अर्ज मी लिहिते. बसा."

काही बसायचे, काही पळायचे. जे बसले त्यांची कामं झाली, मग पळालेलेही परत आले. टंकलेखन यंत्राचा संगणक झाला, निंबाखालून मी पत्र्याच्या टपरीत गेले आणि "नानांची बाई"ची "अक्का" झाले. आता टपरी भाच्याच्या ताब्यात दिली आहे. तरी रोज सकाळी तिथं जाऊन बसते आणि त्याच्या चुका काढते. त्याला ते आवडत नाही. मला फार आवडतं.

माझ्याकडचे निम्मे अर्ज दिव्यांगांचे असायचे. ज्यांना या भानगडीची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी ऑनलाइन अर्ज भरायचा. मग तारीख मिळते. त्या तारखेला सरकारी दवाखान्यात मंडळापुढं उभं राहायचं. मंडळ म्हणजे काही डॉक्टर आणि एक न लागणारं कपाट. ते तपासतात आणि टक्के देतात. चाळीस किंवा त्याच्या वर आले तर दाखला. दाखला असला की निराधारांचा महिना, एसटीची सवलत, कुबडी, कानाचं यंत्र, ज्याला जे लागतं त्याचं दार उघडतं. एकोणचाळीस आले तर घरी जा. आपल्याकडं टक्के कमी पडले म्हणून रडणारी पोरं सगळ्यांनी पाहिली असतील. चांगली धडधाकट म्हातारी माणसं टक्के कमी पडले म्हणून रडताना मी पाहिली आहेत. चुकलं, धडधाकट नव्हती, तशी दिसली एवढंच.

सोनगीरचे एक आबा होते. कंबरेपासून डावा पाय वाळलेला, काठीशिवाय चार पावलं टाकता यायची नाहीत. मंडळापुढं जाऊन आले आणि म्हणाले, बावीस टक्के. मी म्हटलं, "आबा, असं कसं? काठी टेकत आत गेलात ना?"

"काठी बाहेर ठेवेल व्हती. चपलाजोडे."

साहेबांसमोर काठी घेऊन जाणं बरं दिसत नाही, म्हणून या सद्गृहस्थानं चपलांबरोबर काठीही दाराबाहेर ठेवली. भिंतीला धरून, ओठ चावत, ताठ मानेनं टेबलापर्यंत गेले आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काय म्हणाले असतील ते तुम्हाला आता ठाऊक आहेच. दुसऱ्या खेपेला मी त्यांना दम दिला, "काठी सोडलीत तर ती माझ्याकडून खाल." तेव्हा कुठं दाखला मिळाला.

उलट्या जातीचेही येतात, सोंगाडे. एकदा एक गडी मोटारसायकलवरून आला आणि खुणा करून सांगू लागला, दोन्ही कान गेले, अर्ज भरून द्या. मी मान खाली घालून त्याचं आधार कार्ड बघितलं आणि बसल्या जागी पुटपुटले, "गाडीचा स्टँड निघाला वाटतं." गडी ताडकन मागे वळला! मी त्याच्या हातात आधार कार्ड ठेवलं आणि म्हटलं, "निघा आता. स्टँड ठीक आहे, तुमचंच काहीतरी निघालंय." बाकावरची माणसं दिवसभर हसत होती.

अशा कितीकांना मी टपरीवरून हाकललं. बहिरेपणाचं सोंग मला लांबून ओळखता येतं असा मला माज होता. तो माज शोभाबाईंनी उतरवला.

शोभाबाई शिंदखेड्याजवळच्याच एका खेड्यातल्या. वय चाळीस-बेचाळीस, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर सारखं हसू. पहिल्या दिवशी एकट्या आल्या आणि बाकाच्या टोकावर बसल्या.

"अक्का, कानना अर्ज भराना शे."

"कोणाच्या?"

"मन्हाच."

मला खरं वाटेना. माझ्या प्रत्येक प्रश्नाला त्या चटकन उत्तर देत होत्या. मी आपली नेहमीची युक्ती केली. मान खाली घालून पुटपुटले, "पायाजवळ विंचू आहे." शोभाबाई हसतमुख बसून राहिल्या. मी मान वर केली तशी त्यांनीही मान हलवली, हो हो म्हणून. तेव्हा कळलं, बाई माझ्या ओठांकडे बघत होत्या. तोंड दिसलं की सगळं समजतं. तोंड वळलं की संपलं.

पहिल्या बाळंतपणानंतर कान हळूहळू गेले. ती मुलगी, रेखा, आज बावीस वर्षांची. बावीस वर्षं ही बाई सासरी ऐकू येतंय असं दाखवत होती. सासू बोलली की मान हलवायची, कुणी हसलं की हसायचं. "मन्ही सासूले सांगू नका," असं मला तीनदा बजावलं. सासूला काही म्हणजे काही पत्ता नाही, असा बाईंचा ठाम विश्वास.

मग आताच अर्ज कशाला? तर रेखा बाळंतपणाला माहेरी आली होती. एका दुपारी बाळ पाळण्यात रडून रडून निळंजांभळं झालं आणि शोभाबाई पाळण्यापासून दोन हातांच्या अंतरावर, पाठमोऱ्या बसून भाकरी थापत होत्या. रेखा विहिरीवरून धावत आली. त्याच आठवड्यात ती बाळाला घेऊन भडगावला, सासरी निघून गेली. जाताना आईसमोर उभी राहून, आईला नीट दिसावं असं सावकाश म्हणाली, "कानाला यंत्र लागेपर्यंत मी त्याला तुझ्याजवळ एकट्याला ठेवणार नाही."

हे सांगताना शोभाबाईंचं हसू पहिल्यांदा गेलं. "तिनं बराबर शे," तिचं बरोबर आहे, एवढंच म्हणाल्या. त्यांना ना महिना हवा होता ना सवलत. नातवाचं रडणं ऐकू यावं, एवढ्यासाठी दाखला हवा होता.

मी अर्ज भरला, तारीख मिळाली आणि मी शोभाबाईंना माझा ठेवणीतला उपदेश केला. दोष माझाच, म्हणून तो जसाच्या तसा लिहिते. मी म्हटलं, "आत गेल्यावर घाबरायचं नाही. ते करायला सांगतील ते मुकाट्यानं करायचं. कशाला नाही म्हणायचं नाही."

तारखेनंतर दोन दिवसांनी त्या कागद घेऊन आल्या. दवाखाना कुठला ते सांगत नाही, त्यांचा त्यात काही गुन्हाही नव्हता. कागदावर लिहिलं होतं, दोन्ही कानांचं श्रवण सामान्य. दाखला नामंजूर.

मी कागद उलटा करून बघितला. म्हटलं चुकून दुसऱ्याचा आला असेल. नाव शोभाबाईंचंच! ज्या बाईला पायाखालचा विंचू ऐकू आला नाही तिनं कानाची परीक्षा पहिल्या नंबरात काढली होती.

"आत काय झालं?"

"काय नही. पोऱ्यानं कानवर डबा लावात. जसं सांगं तसं करं."

तपासणाऱ्या मुलाच्या तोंडावर मास्क होता हे नंतर कळलं. म्हणजे तो काय सांगतोय ते बाईंना समजायची सोयच नव्हती. मग त्यांनी केलं तरी काय? तर म्हणे, सासूबाई होत्या ना बरोबर! कान ठणकतोय म्हणून दाखवायला जाते, अशी थाप शोभाबाईंनी घरी मारली होती, पण सासू ऐकेना. एसटीत शेजारीच येऊन बसली.

या सासूला, वेणूबाईला, मी ओळखत होते. सत्तरीची, काटक, नाकात मोठी नथनी. त्यांच्या गावात सगळे म्हणायचे, वेणूबाई सुनेच्या हात धुऊन मागे लागली आहे. सून पाण्याला गेली की ही मागून, सून कुणाशी बोलायला लागली की ही मध्ये. सुनेला एक क्षण मोकळं सोडत नाही. माझ्या डोक्यात लगेच लख्ख प्रकाश पडला. या म्हातारीनंच आत जाऊन काहीतरी बोलून ठेवलं असणार! "मन्ही वहूले बठ्ठं आयकू येस," असं डॉक्टरांना सांगितलं असणार!

अपिलाचीही एक रीत असते, ती सांगते. अर्जात गरज लिहायची, अपिलात चूक दाखवायची. "मी गरीब आहे, दया करा" असं अपिलात लिहिलं की वाचणारा जांभई देतो. निकालात नेमकं कुठं चुकलं ते बोट ठेवून दाखवलं की तो चष्मा लावतो. इथं चूक झाली होती हे स्पष्ट दिसत होतं, पण बोट ठेवायला जागा सापडेना. अपिलाची मुदत चालली होती. मी आपली रागारागानं लिहायला बसले, "तपासणीचे यंत्र सदोष असावे." तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं. यंत्रानं दुसऱ्या कुणाला असं पास केलं नव्हतं.

आणि एका सकाळी वेणूबाई स्वतःच टपरीसमोर उभी! बरोबर कोणी नाही. घरातला नामंजुरीचा कागद तिनं पदरात बांधून आणला होता.

"अक्का, वहू नापास व्हयनी का?"

"नाही हो," मी म्हटलं, "पास झाली. तेच तर दुखणं!"

"मंग कसाले रडस ती? दोन दिवस जेवनी नही."

माझा तोल गेला. मी त्या म्हातारीला भर रस्त्यावर नको नको ते बोलले. तुम्ही सासवा अशा नि तशा, सुनेच्या कानाचं वाटोळं झालं तरी तुम्हाला घराण्याची अब्रू, तिचं नातवंड तिच्यापासून तोडलंत. वेणूबाई सगळं ऐकून घेत उभी होती. माझा दम संपला तेव्हा तिनं शांतपणे विचारलं, "म्हंजे तठे नापास व्हयनं पाहिजे व्हतं?"

"हो!"

ती मटकन बाकावर बसली. "अरे देवा. मीच तिले पास करं, माय."

मग तिनं सांगितलं ते असं. शोभाबाई काचेच्या खोलीत बसल्या होत्या. बाहेर तो मुलगा यंत्राची बटणं दाबत होता आणि त्याच्या मागे वेणूबाई. प्रत्येक वेळी बटण दाबलं की यंत्रावर एक बारीक लाल दिवा लागायचा. मुलगा सांगत होता, आवाज आला की हात वर करा. शोभाबाईंना ते समजलं नाही, म्हणून सवयीप्रमाणे त्यांनी सासूच्या तोंडाकडे बघितलं. सासूनं हात वर करून दाखवला. पुढं दिवा लागला की वेणूबाईची मान हलायची, वेणूबाईची मान हलली की शोभाबाईंचा हात वर. मुलगा बिचारा यंत्राकडे आणि हाताकडे बघत होता, मागे कशाला बघेल? एकही चुकलं नाही. दोघी मिळून शंभर टक्के!

"पण तुम्ही मान का हलवलीत?"

"परीक्षा व्हती ना! लोकेसनामोरे नापास व्हई ती." लोकांसमोर ती नापास होईल. मग जरा थांबून म्हणाली, "बावीस वरीस व्हयनात, अक्का. मीच तिले पास करस."

वेणूबाईला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. सून बहिरी म्हणून गावाला कळलं तर पोरंसोरं मागून चिडवतील, आणि हिला काही ऐकू येणार नाही, ही आपली त्यांच्याकडे बघून हसत मान हलवेल. ते वेणूबाईला बघवणार नव्हतं. म्हणून ती सुनेच्या मागे लागली. कुणी मागून हाक मारली की ही पुढे होऊन सुनेचा पदर ओढायची. कुणी बोलायला लागलं की ही मध्ये पडून तेच पुन्हा, सुनेसमोर तोंड करून बोलायची. आणि आपल्याला माहीत आहे हे तिनं सुनेला कधीच कळू दिलं नाही. का? तर लपवल्याचं सुनेला तेवढंच समाधान!

मला इतकी लाज वाटली की मी उठून तिच्या पाया पडले. ती म्हणाली, "पाय सोड, आधी लिखी दे."

चूक तर सापडली होती. पण अपिलाला जोडायला वेणूबाईचा जबाब हवा होता, आणि शोभाबाईंची सही. म्हणजे दोघींना एका बाकावर बसवणं आलं. जबाब मी लिहिला, "माझी सून शोभा हिला ऐकू येत नाही हे मला बावीस वर्षांपासून ठाऊक आहे. तपासणीच्या वेळी काचेबाहेर उभी राहून मी तिला मानेने खुणा केल्या." वेणूबाईनं अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला आणि कागद मी शोभाबाईंसमोर सरकवला. त्या सातवीपर्यंत शिकलेल्या. सावकाश वाचलं. पहिलं वाक्य पुन्हा वाचलं. मग सासूकडे वळल्या.

"तुम्हाले माहीत व्हतं?"

वेणूबाई निळा अंगठा पदराला पुसत फणकारली, "मंग! मी काय आंधयी शे का?"

शोभाबाई हसायला लागल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. वेणूबाई दुसरीकडे बघत बसली. मी भाच्याला म्हटलं, चहा सांग. तीन सांग, तुझा नको.

फेरतपासणीला मी स्वतः बरोबर गेले. टोपीएवढं टक्कल असलेले एक वयस्कर डॉक्टर होते. त्यांनी जबाब वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला. मग म्हणाले, "बहिरेपणाचं सोंग करणारे रोज बघतो. ऐकू येण्याचं सोंग, आणि तेही दोघींनी मिळून? आजी, काय केलंत ते जरा दाखवा बघू."

वेणूबाईनं दाखवलं. डॉक्टरांनी पेन उचललं, तिची मान हलली. मान हलली आणि समोर शोभाबाईंचा हात आपोआप वर गेला! खोलीतले सगळे हसले, दाराशी उभा असलेला शिपाईसुद्धा.

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "या आजींना खाली घेऊन जा. पार चहाच्या टपरीपर्यंत. आणि मी सांगितल्याशिवाय वर आणू नका."

शोभाबाईंना भिंतीकडे तोंड करून बसवलं. शिवाय डोक्याला तारा लावून करतात ती तपासणी केली. त्यात माणूस नुसता पडून राहतो आणि आवाज पोहोचला की नाही ते थेट मेंदूलाच विचारतात. तिथं कुणाची मान उपयोगाची नाही. खाली टपरीवर वेणूबाई चहाचा कप हातात धरून वरच्या खिडकीकडे बघत होती. चहा निवला. मधूनच तिची मान हलायची. मी म्हटलं, "आजी, मान थांबवा. आज नापास व्हायचंय."

"मले समजस," ती म्हणाली, "मानले नही समजस ना." आणि पुन्हा मान हलली.

शोभाबाई नापास झाल्या. चाळीसच्या कितीतरी वर. दाखला आला, पुढं खेटे घालून घालून कानाचं यंत्रही आलं. माझ्या नोंदवहीत अपिलं पुष्कळ आहेत, पण त्यासाठी पाया पडावं लागलेलं हे एकच.

यंत्र बसवून आल्यावर त्या सगळ्या टपरीवर आल्या. रेखा भडगावहून बाळाला घेऊन आली होती, आठ दिवस बाळ आजीकडं ठेवायचं ठरवून. तिनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आणला होता. ती समोरच्या दुकानात बाळासाठी काही घ्यायला गेली. शोभाबाई माझ्यासमोर बाकावर, रस्त्याकडे पाठ करून बसल्या. एसटी थांब्याचे हॉर्न, कचेरीचा गलका, सगळ्याला दचकत होत्या आणि हसत होत्या. त्यांच्या मागे वेणूबाई बाळाला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालत होती. बाळ नुकतं झोपलं होतं.

वेणूबाई थांबली. सुनेच्या पाठीमागे चार पावलांवर, बाळ उठू नये म्हणून अगदी हळू म्हणाली, "शोभा."

बावीस वर्षांत तिनं सुनेला पहिल्यांदा मागून हाक मारली होती.

शोभाबाई माझ्यासमोर बसल्या होत्या, म्हणून मला दिसलं. त्यांना ऐकू आलं. डोळे एकदम भरले. पण त्या वळल्या नाहीत. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त ओठ दाबले, बोलू नका म्हणून.

"शोभा व," वेणूबाई पुन्हा म्हणाली. काही नाही. "हाई यंत्र बी वायाच शे," असं पुटपुटत ती नेहमीसारखी बाकाला वळसा घालून सुनेसमोर आली, वाकली आणि नीट दिसावं असं तोंड करून सावकाश म्हणाली, "भाकर वाढ अक्काले."

"आयकू ऊनं, माय," शोभाबाई म्हणाल्या. "पहिलीच हाकले."

"मंग वळनी का नही?"

"तुम्ही मन्हामोरे येतीस का नही, ते देखं."

बहिरेपणाचं सोंग करणाऱ्याला मी टपरीसमोर उभं राहू देत नाही. या एकाच बाईचं सोंग मी तिनं वाढलेली भाकरी खात बसून बघितलं, आणि भाच्याला म्हटलं, तूही खा.